सुट्टी त्यांची, खाडा आमचा

मे महिना जवळ आला की आमच्या कोल्हापुरात वर्तमानपत्रांची पानं सहलींच्या जाहिरातींनी भरतात. पांढरी वाळू, निळं पाणी, टोपी घातलेलं गुटगुटीत बाळ, त्याला हवेत उंच उचललेला बाप आणि शेजारी हसणारी आई. मॉरिशस, मालदीव, बाली, अंदमान. वर मोठ्या अक्षरांत ‘सहकुटुंब या’. लग्नपत्रिकेतही ‘सहकुटुंब सहपरिवार’ असंच छापलेलं असतं. पंगतीला कोण बसणार आणि कोण वाढणार, हे मात्र पत्रिकेत कधी छापत नाहीत. जाहिरातीतही छापत नाहीत.

मैत्रिणींनो, माझं म्हणणं सरळ आहे. सुट्टी माणसाला मिळते, कुटुंबाला नाही. ‘कुटुंबाची सुट्टी’ म्हणून जी मिरवली जाते तिच्यात कुणीतरी सुट्टीवर असतं आणि कुणीतरी कामावर असतं. कामावर असणारी व्यक्ती बहुतेक वेळा बाई असते. तिनं गाव बदलला, देश बदलला, समुद्र ओलांडला, तरी तिच्या कामाची पाळी बदलत नाही. आणि हे काम सुट्टीच्या नावाखाली होतं म्हणून त्याबद्दल बोलायचीही सोय राहत नाही. एवढा पैसा खर्च करून नेलं आणि वर तक्रार, असं तिला ऐकवलं जातं. म्हणून आपण बोलायचं.

कोल्हापुरात आता जवळजवळ प्रत्येक गल्लीतलं एखादं तरी घर आखाती देशांत, अमेरिकेत नाहीतर सिंगापूरला पोचलं आहे. आमच्या ओळखीच्या अशाच एका घराबद्दल सांगते. मुलगा, सून आणि दीड वर्षाचं बाळ दुबईला. सासू-सासरे कोल्हापुरात. गेल्या वर्षी सासू-सासरे अडीच महिने दुबईला गेले आणि त्यातले आठ दिवस सगळे मिळून मॉरिशसला जाऊन आले. मी त्या घरातल्या तीन बायकांशी सवडीनं बोलले: सून, सासू आणि त्यांच्या कोल्हापूरच्या घरी भांडी-धुणं-केर करणारी मावशी. तिघींच्या संमतीनं लिहिते आहे, नावं देत नाही. आधीच सांगते, त्या घरात कुणी वाईट नाही. मुलगा दारू पीत नाही, हात उचलत नाही, बायकोला ‘अहो-जाहो’ करायला लावत नाही. माझं भांडण त्या मुलाशी नाही. ज्या रीतीमुळे चांगल्या माणसाच्या घरातही बाईला एक दिवस मिळत नाही, त्या रीतीशी आहे.

सून इंजिनिअर. लग्नानंतर नवऱ्याच्या व्हिसावर गेली, तिथं नोकरी मिळवली, बाळ झाल्यावर ती सुटली ती सुटलीच. तिनं सांगितलेले ते आठ दिवस असे. निघायच्या आधी चार दिवस बाळाची बॅग: नाचणीचं सत्त्व, मुगाच्या डाळीचं खिमट करायला भाजून दळलेलं पीठ, तापाचं औषध, लंगोट, दोन बाटल्या, बाटल्या धुवायचा ब्रश, हातात मावेल एवढा भाताचा कुकर. हॉटेलातलं जेवण तिखट किंवा नुसतं मांसाचं, त्यामुळे खोलीतल्या किटलीत पाणी उकळून बाटल्या निर्जंतुक करायच्या आणि न्हाणीघराच्या कट्ट्यावर कुकर लावायचा. जागा बदलल्यानं बाळ रात्री तीनदा उठायचं. सकाळी नवरा म्हणायचा, ‘चला, उशीर झाला, बोट चुकेल.’ दुपारी बाळाच्या झोपेची वेळ झाली की ती खोलीत. संध्याकाळी पाण्यावर गेले की नवरा बाळाला घेऊन लाटांत, आणि ही काठावर, हातात टॉवेल, कोरडे कपडे, पाण्याची बाटली घेऊन उभी. फोटोही तिनंच काढले. त्यामुळे आठ दिवसांच्या फोटोंत ती फारशी दिसतच नाही.

ती पाण्यात का गेली नाही? तिला पोहता येत नाही. आपल्या पंचगंगेच्या घाटावर, गावोगावच्या विहिरींत मुलगे पाठीला डबा बांधून पोहायला शिकतात. त्याच वयात मुलींना काठावर कपडे सांभाळायला बसवलं जातं. पुढे ती इंजिनिअर झाली तरी काठावरच राहिली. आणि दीड वर्षाचं बाळ काय शिकलं? पाणी बाबांचं, टॉवेल आईचा. ते मूल हे मोठेपणी कुठल्या पुस्तकात वाचणार नाही. ते त्याच्या अंगात मुरलेलं असणार.

आता सासूबाई. वय बासष्ट, गुडघे दुखतात. त्यांना मी विचारलं, ‘समुद्र कसा होता हो?’ म्हणाल्या, ‘बघितला की. खिडकीतनं.’ दुपारी बाळ झोपलं की सुनेला थोडं फिरू दे म्हणून या बसायच्या. रात्री मुलगा-सून एकत्र जेवायला जाऊ देत म्हणूनही याच बसायच्या. मनापासून बसायच्या, हे मी नाकारत नाही. पण त्यांना कुणी विचारलं नव्हतं. तिकीट काढतानाच हे ठरलेलं होतं. ‘आईला मॉरिशस दाखवलं’ असं मुलगा सगळ्यांना सांगतो आणि त्याला ते खरंही वाटतं.

परदेशी मुलांकडे जाणाऱ्या आयांचा प्रवास एकदा नीट बघा. सुनेचं नाहीतर लेकीचं बाळंतपण, मग बाळ सांभाळणं. ही आई परत आली की तिकडची आई जाणार. पाळ्या लावल्यासारख्या दोन आज्या आलटून पालटून जातात. त्यांच्या पासपोर्टवर शिक्का असतो पाहुणीचा किंवा पर्यटकाचा. म्हणजे सरकारदरबारी ही बाई फिरायला आलेली आहे. पहाटे पाचला उठून डबे करते, मालिश करते, अंघोळ घालते, भाषा येत नाही, रस्ता माहीत नाही, म्हणून दिवसभर चौदाव्या मजल्यावर बाळाला घेऊन बसते, तरी ती पर्यटक. हेच काम पगार देऊन कुणाकडून करून घेतलं तर त्याला परवाना लागतो, करार लागतो, पैसे लागतात. आजीनं केलं की ते ‘नातवाचं सुख’ होतं. नातवाचं सुख खरंच असतं. पण सुख असलं म्हणून त्याचं काम होणं थांबत नाही.

आणि आजोबा? ते अडीच महिने रोज फिरायला गेले, पेपर वाचले, मॉरिशसला बोटीवर गेले. त्यांच्याबद्दल कुणी ‘बाळ सांभाळायला बोलावलं’ असं म्हणत नाही. ते फिरायला गेले होते, त्यामुळे ते फिरले.

तिसरी बाई, मावशी. चार घरी कामं करते. या घरी महिना अडीच हजार. घरमालक अडीच महिने परदेशी, तर तेवढे महिने पगार बंद. शिवाय सांगून गेले, ‘दुसरं घर धरू नको, आम्ही आलो की तूच ये.’ किल्ली तिच्याकडे. आठवड्यातून एकदा येऊन घर उघडायचं, धूळ झाडायची, तुळशीला पाणी घालायचं. परत आल्यावर चॉकलेटची एक पिशवी आणि बामची बाटली दिली. हिशेब करा, मैत्रिणींनो. सव्वासहा हजार रुपये बुडाले. बाकीची तीन घरं चालूच होती, म्हणजे तिला सुट्टी मिळाली असंही नाही. मी विचारलं, ‘मागितलं का नाहीस?’ ती म्हणाली, ‘ताई, काय म्हणून मागू? ते म्हनत्यात, कामच केलं न्हाईस तर पैसं कशाचं. मी काय म्हटलो व्हतो का तुमी जावा म्हणून? सुट्टी त्यांची आन् खाडा माझा.’

एवढ्या थोडक्यात हा प्रश्न मला कुणीच कधी सांगितला नव्हता. सुट्टी एकाची आणि खाडा दुसरीचा.

‘खाडा’ हा शब्द आपल्या जिल्ह्यात शिकवावा लागत नाही. दर वर्षी दिवाळीच्या आसपास बीडहून, मराठवाड्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या आपल्या कारखान्यांवर येतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरतात. त्यातल्या बाईची हजेरी वेगळी नाही, मजुरी वेगळी नाही. लहान मूल फडाच्या बांधावर, झोळीत नाहीतर थोरल्या बहिणीच्या काखेत. एक दिवस कामाला गेलं नाही तर खाडा: त्या दिवसाची मजुरी जातेच, वर दंड बसतो. पाळीच्या त्रासानं खाडा, बाळंतपणानं खाडा. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला आणि सरकारला समिती नेमावी लागली. सुमारे ८२ हजार बायकांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अनेकींनी सांगितलेलं कारण हेच होतं, खाडा परवडत नाही. एक दिवसाची विश्रांती मिळत नाही म्हणून शरीराचा अवयव काढून टाकायचा, इथपर्यंत गोष्ट जाते.

आता ज्या बेटावर आपली माणसं विश्रांतीला जातात त्या मॉरिशसकडे बघा. ते बेटही उसाचंच. तिथं १८३५ साली गुलामगिरी संपली, पण मळेवाल्यांना मजूर हवेच होते. ‘ॲटलास’ नावाचं जहाज नोव्हेंबर १८३४ मध्येच हिंदुस्थानातले पहिले करारबद्ध मजूर घेऊन पोर्ट लुईला लागलं होतं. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांत जवळजवळ पाच लाख माणसं इथून तिथं गेली. त्यांत कोकणातली, मुंबई बंदरातून चढलेली मराठी माणसंही होती. त्यांची नातवंडं-पतवंडं आजही तिथं मराठी शिकतात, आणि गणेश चतुर्थीला त्या देशात सरकारी सुट्टी असते. ज्या धक्क्यावर ते मजूर उतरले तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसा म्हणून जपला जातो. सहलीच्या यादीत असला तर तिथं अर्धा तास थांबतात.

त्या मळ्यांवर एक नियम होता. मजूर एक दिवस गैरहजर राहिला तर त्याची दोन दिवसांची मजुरी कापायची. दुहेरी खाडा! आजारी पडलेल्या माणसाला, अंग मोडून आलेल्या बाईला, तान्हं मूल तापानं फणफणलेल्या आईला. त्या बेटावर विश्रांती हा गुन्हा होता आणि त्याला दुप्पट दंड होता. आज तिथं लोक पैसे मोजून विश्रांती विकत घेतात. पण ती विश्रांती तयार कोण करतं? चादरी बदलणारी, न्हाणीघर घासणारी, टॉवेलांच्या घड्या घालणारी. हॉटेलच्या सुखामागे कुणाची तरी पाळी असते. आपली सून खोलीत कुकर लावत होती, तेव्हा दाराबाहेर ढकलगाडी घेऊन आणखी एक बाई उभी असणार. तिचंही मूल कुणीतरी सांभाळत असेल.

यावर मला जी उत्तरं ऐकायला मिळतात त्यांचा आता समाचार घेते.

पहिलं उत्तर: ‘आपल्या माणसांसाठी करायचं त्यात कसले कष्ट? प्रेमानं केलेल्याचा हिशेब मांडू नये.’ ठीक. मग हे प्रेम एकाच बाजूला इतकं का साचतं? सरकारनंच दोनदा मोजून बघितलं आहे. २०१९ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या, पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायका २८९, पुरुष ८८. बायकांची दहा मिनिटं कमी झाली म्हणून टाळ्या वाजवायच्या आधी पुरुषांचा आकडा बघा. त्यांचीही नऊ मिनिटं कमी झाली! म्हणजे बाईचं काम पुरुषानं उचललं, असं काही झालेलं नाही. आणि ही सरासरी फक्त घरकाम करणाऱ्यांचीच आहे. दिवसात थोडं तरी घरकाम करणारे पुरुष शंभरात २७ च होते, बायका ८१ च्या वर. बाकीच्या ७३ पुरुषांच्या प्रेमाचं काय, हा प्रश्न ‘प्रेमाचा हिशेब नको’ म्हणणाऱ्यांनी सोडवावा.

दुसरं उत्तर: ‘मग बाई ठेवा.’ आखातात अनेक घरं ठेवतातच. फिलिपीन्समधून, श्रीलंकेतून, केरळातून, आंध्रातून आलेली बाई आपलं मूल आपल्या आईकडे टाकून दुसऱ्याचं मूल सांभाळते. त्या मुलाबरोबर तिलाही बेटावर नेतात. तिच्या पासपोर्टवरही पर्यटक! संयुक्त अरब अमिरातीत २०१७ साली घरकामगारांसाठी कायदा झाला तेव्हा कुठे आठवड्याची सुट्टी निदान कागदावर आली. आपण त्यांना नावं ठेवतो. पण आपल्याकडे काय आहे? महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यात नोंदणी आहे, मंडळ आहे, मदतीच्या योजना आहेत. आठवड्याची सक्तीची सुट्टी नाही, किमान पगारी रजा नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं २०११ साली घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. आठवड्यातून सलग चोवीस तास विश्रांती, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. भारतानं त्याला अजून मंजुरी दिलेली नाही. एका बाईची सुट्टी दुसऱ्या बाईच्या डोक्यावर टाकली की पुरुषाची सुट्टी सुरक्षित राहते आणि भांडण मात्र दोन बायकांत लागतं. ही युक्ती जुनी आहे. सासू-सुनेच्या भांडणातही तीच आहे.

तिसरं उत्तर जरा संस्कृतीचं असतं: ‘आपल्याकडे बायकांच्या विश्रांतीची सोय पूर्वीपासूनच आहे. माहेरपण आहे, पंचमी आहे, पाळीत चार दिवस बाजूला बसणं आहे.’ माहेरपण गोड असतं, मान्य. पण ज्या घरी आपण माहेरवाशीण असतो तिथं आपली वहिनी चुलीपुढे असते. नागपंचमीला चिरू नये, भाजू नये, तवा ठेवू नये असा रिवाज आहे. बायका झिम्मा-फुगडी खेळतात, झोके घेतात. मला तो सण फार आवडतो. पण वर्षातून एक दिवस बाईच्या हातातली विळी खाली ठेवायला नागोबाची भीती घालावी लागली, ती थकली आहे हे कारण पुरलं नाही, एवढं त्यातून समजून घ्या. आणि पाळीत बाजूला बसणं ही विश्रांती नव्हे. जिला शिवत नाहीत तिला विश्रांती दिली असं म्हणणं हा अपमान झाकण्याचा प्रकार आहे. विश्रांती मानानं मिळाली पाहिजे, विटाळ म्हणून नव्हे.

चौथं उत्तर आपल्याच बैठकांतून येतं आणि ते मला जास्त टोचतं. ‘इथं बायका जळताहेत, मुली गर्भातच मारल्या जाताहेत, आणि तुम्ही मॉरिशसला जाणाऱ्या बायकांची दुखणी काय मांडता? ही चैनीची गोष्ट आहे.’ या म्हणण्यात कळकळ आहे, हे मला समजतं. पण विश्रांती ही चैन आहे, हे मालकांचं म्हणणं आहे. चळवळीनं ते बोलू नये. आपल्याला जो रविवार मिळतो तो कुणी दान केलेला नाही. सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित केलं, अर्ज केले, सह्या गोळा केल्या. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायकांनीही भाषणं केली. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची सुट्टी मान्य केली. विचार करा, त्या काळात हजारो पुरुषांसमोर उभं राहून बायकांनी सुट्टी मागितली. आणि रविवार मिळाल्यावर त्या दोघींनी त्या दिवशी काय केलं असेल? बहुधा आठवड्याचं धुणं. गिरणीतली सुट्टी त्यांनी लढून घेतली, घरातली सुट्टी मागायला सभा भरली नाही. ते राहिलेलं काम आपलं आहे.

१९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचं चोविसावं कलम प्रत्येकाला विश्रांतीचा, फुरसतीचा आणि ठरावीक काळानं पगारी सुट्टीचा हक्क देतं. त्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ असा अर्थ निघणारे शब्द बदलून ‘सर्व माणसं’ करायला लावणाऱ्या बाई आपल्या हंसा मेहता. १९७९ च्या स्त्रियांवरील भेदभावविरोधी कराराचं तेरावं कलम करमणूक, खेळ आणि सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क सांगतं. भारतानं तो करार १९९३ साली मान्य केला आहे. जगानं मान्य केलेला हक्क आपणच चैन म्हणून बाजूला का ठेवायचा?

आणि जी बाई विश्रांती मागू शकत नाही ती बाकीचं कसं मागणार? आमच्याकडे सल्ला मागायला येणाऱ्या, परदेशी दिलेल्या मुलींना मी एक प्रश्न नेहमी विचारते: तुझा पासपोर्ट कुणाच्या पिशवीत असतो? बहुतेक वेळा उत्तर येतं, ‘यांच्याकडे. प्रवासात हरवायला नको म्हणून.’ तिकीट त्यानं काढलेलं, हॉटेल त्यानं ठरवलेलं, पैसे त्याच्या कार्डावर, व्हिसा त्याच्या नोकरीवर. सगळं सुरळीत असतं तोवर हे कुणाच्या लक्षात येत नाही. एक दिवस बिनसलं, की अनोळखी देशात, कडेवर मूल घेऊन, हातात कागद नसलेली बाई उभी असते. परदेशात सोडून दिलेल्या बायकांच्या तक्रारी इतक्या वाढल्या की २००९ साली राष्ट्रीय महिला आयोगात त्यासाठी वेगळा कक्ष काढावा लागला. प्रत्येक सहल अशी संपत नाही. पण ठरवण्याचा हक्क कुणाचा आणि सांभाळण्याचं काम कुणाचं, ही वाटणी दोन्हीकडे एकच असते.

आमच्या शहराकडेही बघा. कोल्हापुरात पेठेपेठेला तालीम आहे. संध्याकाळी दुधाचे कट्टे भरतात, चौकाचौकांत मंडळाचे बाक आहेत, फुटबॉलचा सामना असला की अर्धं गाव मैदानावर असतं. पुरुषाला रोज तास-दोन तास ‘काही न करता’ बसायला शहरानं जागा दिली आहे. बाई रंकाळ्यावर गेली तर मुलाला फिरवायला नाहीतर डॉक्टरनं चालायला सांगितलं म्हणून. काहीही कारण नसताना एकटी बाकावर बसलेली बाई दिसली की चार जण विचारतात, ‘काय झालं?’ घरात मिळत नाही, गावात मिळत नाही, ती विश्रांती तिला बेटावर कशी सापडणार?

एका दुसऱ्या बेटाची गोष्ट आपल्या गटांतून सांगत राहिलं पाहिजे. ते उष्ण नाही, थंड आहे. २४ ऑक्टोबर १९७५ ला आइसलँडच्या बायकांनी एक दिवस सुट्टी घेतली. नोकरीवरून घेतली आणि घरातूनही घेतली. स्वयंपाक नाही, मूल सांभाळणं नाही. दहातल्या नऊ बायका त्या दिवशी कामावर नव्हत्या. बाप मुलांना घेऊन कचेऱ्यांत गेले, शाळा-दुकानं अडली. पुढच्याच वर्षी तिथं समानतेचा कायदा झाला आणि १९८० साली त्या देशानं एका बाईला राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून दिलं. २०२३ साली पुन्हा तसाच संप झाला तेव्हा त्यांच्या पंतप्रधान बाईही त्यात सामील होत्या. आपला देश आइसलँडएवढा नाही आणि आपल्या बायकांच्या जातीपाती, वर्ग, पोट यांचे प्रश्न वेगळे आहेत. ऊसतोड बाईला एका दिवसाच्या संपाची किंमत काय पडते ते वर लिहिलंच आहे. पण काम थांबलं की काम दिसतं, ही गोष्ट सगळीकडे सारखीच खरी आहे.

तेव्हा करायचं काय? सहलींवर बहिष्कार घाला असं मी म्हणत नाही. जा, जरूर जा. बाळाला समुद्र दाखवा. पण निघायच्या आधी घरात बसून चार गोष्टी ठरवा, आणि शक्य तर कागदावर लिहा.

रात्रीच्या पाळ्या वाटून घ्या. एक रात्र आईची, एक रात्र बापाची. बापाला बाळाचं खिमट करता येत नसेल तर निघायच्या आधी महिनाभर शिकू दे. प्रत्येक मोठ्या माणसाला एक पूर्ण दिवस मोकळा मिळाला पाहिजे. ‘तू जा ना, मी बघतो’ असं म्हणून अर्ध्या तासात फोन करायचा नाही. आजीला आधी विचारा, आणि ‘नाही’ म्हणायची मोकळीक ठेवून विचारा. तिला नेणार असाल तर आजोबांनाही बाळाची पाळी लावा. तुमचा पासपोर्ट तुमच्या पिशवीत ठेवा. लेकींना आत्ताच पोहायला घाला.

आणि मावशीचा पगार चालू ठेवा. तुम्ही गावाला गेलात हा तिचा खाडा नाही. तुमचा साहेब सुट्टीवर गेला म्हणून कचेरीनं तुमचा पगार कापला तर तुम्ही युनियनकडे जाल. तिच्या घराचं भाडं, मुलांची फी तुमच्या परतीच्या तिकिटापर्यंत थांबत नाही. आपल्या गटांतल्या किती घरांत हे पाळलं जातं, याची नोंद प्रत्येक गटानं पुढच्या बैठकीत करावी, असं मी सुचवते. घरकामगार बायकांच्या संघटनांनी ‘मालक गावाला गेले तरी पूर्ण पगार, आठवड्याची एक सुट्टी, वर्षाची ठरलेली पगारी रजा’ ही मागणी लावून धरली पाहिजे, आणि ज्यांच्या घरी कामाला बाई येते त्या आपण सगळ्यांनी त्या मागणीवर आधी सही केली पाहिजे. सरकारकडे १८९ क्रमांकाच्या कराराला मंजुरी मागायची आहे. २०१७ साली बाळंतपणाची पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली तेव्हा बापाच्या रजेचा कायदा राहूनच गेला. मूल दोघांचं असेल तर रजाही दोघांना हवी, हेही मागायचं आहे.

त्या मावशीशी बोलले तेव्हा तिला विचारलं, तुला आठ दिवस सुट्टी मिळाली तर कुठं जाशील? ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, ‘कुटं जाऊ? झोपीन की.’ तुमच्या वस्तीत, तुमच्या गटात, तुमच्या घरात हाच प्रश्न विचारा. सासूला विचारा, सुनेला विचारा, कामाला येणाऱ्या बाईला विचारा. उत्तरं लिहून पुढच्या अंकासाठी पाठवा. तिकिटं काढायचे दिवस जवळ आले आहेत, तेव्हा उशीर करू नका.